पासिंग

काही शब्द इंग्रजीतून मराठीत आले खरे, पण त्यांना अर्थ दिला तो आमच्या गावांनी. ‘पासिंग’ हा त्यांपैकीच एक. ‘गाडी पासिंगला नेली आहे’ असे म्हटले की ती परिवहन कार्यालयात तपासणीसाठी गेली आहे, हे ऐकणाऱ्याला कळते. ‘गाडी कुठल्या पासिंगची?’ असे विचारले की उत्तर येते, ‘झिरो नाईन’ किंवा ‘दहा’. म्हणजे कोल्हापूरची किंवा सांगलीची. पहिल्या वाक्यात शब्द परीक्षेचा, दुसऱ्यात माहेराचा.

कायद्याच्या भाषेत मात्र पासिंग नाही. तेथे आहे ‘योग्यता प्रमाणपत्र’. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार वाहतुकीच्या प्रत्येक वाहनाला ते लागते. ते नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. ‘योग्यता’ या शब्दापाशी आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकाला थांबावे लागते, कारण साहित्यशास्त्राच्या तासाला तोच शब्द आम्ही दुसऱ्या अर्थाने शिकवत आलो आहोत. पदांचे वाक्य व्हायचे तर आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तिन्ही गोष्टी हव्यात, असे आपले जुने शास्त्रकार सांगतात. ‘तो विस्तवाने झाडे शिंपतो’ हे परंपरेने चालत आलेले उदाहरण. कर्ता आहे, करण आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. व्याकरणाची काही तक्रार नाही. तरीही वाक्य उभे राहत नाही, कारण विस्तव आणि शिंपणे यांचे एकमेकांशी जमत नाही. सारे भाग जागच्या जागी असावेत आणि अर्थ मात्र नसावा, अशी ही अवस्था आहे. लहान गाड्यांच्या तपासणीविषयी आम्हांला जे सांगायचे आहे, ते याच जातीचे आहे.

आमचे महाविद्यालय दक्षिण महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात, तालुक्याच्या गावाबाहेर, डांबरी रस्त्याला लागून आहे. वर्गाच्या खिडकीतून दिवसभर जे जाते, ते पाहत आम्ही वीसेक वर्षे शिकवले. नऊ-दहा माणसांसाठी केलेली आणि पंधरा-सोळा माणसे घेऊन जाणारी वडापची जीप. तिलाच मराठवाड्यात, खानदेशात काळी-पिवळी म्हणतात. मागचा पत्रा उघडा टाकून चाललेली टमटम. २००५ साली बाजारात आलेली आणि लोकांच्या तोंडी ‘छोटा हत्ती’ झालेली टाटा एस. आणि दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, रबरी टायरच्या बैलगाड्या, आणि बैलांऐवजी लहान ट्रॅक्टरला जोडलेल्या त्याच बैलगाड्या. या शेवटच्या प्रकाराला इकडे जुगाड म्हणतात.

या जुगाडाचे तत्त्वज्ञान मोठे मौजेचे आहे. बैलगाडी ही मोटार वाहन नव्हे. तिला नोंदणी नाही, विमा नाही, पासिंग नाही. पण अधिनियमात ‘ट्रेलर’ची जी व्याख्या आहे, ती मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढले जाण्यासाठी असलेले वाहन अशी आहे. म्हणजे जुवातून बैल सोडून गाडी ट्रॅक्टरच्या हुकाला अडकवली की त्या क्षणी ती बैलगाडी राहत नाही. लाकूड तेच, टायर तेच, वर ऊसही तोच. पण कायद्याच्या दृष्टीने वस्तू पालटली. हुक काढून बैल जुंपले की पुन्हा पूर्वपदावर. शिवाय शेतीचा ट्रॅक्टर हे नियमांच्या लेखी ‘वाहतूक वाहन’ नाही, त्यामुळे ट्रक-टेम्पोंना ठरावीक मुदतीने द्यावी लागणारी परीक्षा त्याला नाही. तो स्वतःच्या शेतातले ओढतो की भाड्याने दुसऱ्याचे, यावर हे सारे अवलंबून, आणि ते काही ट्रॅक्टरच्या तोंडावर लिहिलेले नसते.

राजस्थान, हरयाणा, पश्चिम उत्तर प्रदेश या भागांत ‘जुगाड’ हाच शब्द निराळ्या गाडीसाठी आहे. तेथे पाणी उपसण्याचे डिझेल इंजिन गाड्यावर बसवून चालते वाहन करतात. अशा गाडीच्या अपघातातून उद्भवलेला भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुगाड हेही व्याख्येनुसार मोटार वाहनच आहे, असा निर्णय २०१३ साली झाला. म्हणजे नोंदणी हवी, परवाना हवा, विमा हवा. ज्या वस्तूचा कोणी कारखानदार नाही, जिचा नमुना कोणी मंजूर केलेला नाही, तिची नोंदणी कोणत्या रकान्यात करायची, हा प्रश्न निकालानंतरही उरतोच. पण निदान ती वस्तू आहे, रस्त्यावर आहे आणि माणसे मारू शकते, एवढे न्यायालयाने मान्य केले. हेही थोडे नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. खेड्याच्या कारभाराविषयी इतके रोखठोक पुस्तक मराठीत विरळा, आणि सरकारी नोकरी केलेल्या माणसाने या कारभाराला नाव द्यावे ते गाड्याचे, हे आम्हांला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. त्या गाड्याची तपासणी तेव्हा कोण करीत असे? सुतार आणि लोहार. आरे सैल झाले का, तुंबा चिरला का, हे सुताराला चाकाच्या आवाजावरून कळे. धाव ढिली झाली की लोहार ती तापवून पुन्हा चढवी. दोघे बलुतेदार. ज्याच्या गाड्याची धाव निसटली, त्याच्याच खळ्यावर सुगीत त्यांना बलुते मागायला जायचे असे. त्यामुळे तपासणारा आणि गाडीवान यांची गाठ वर्षभर पडत राही. हे सांगताना आम्हांला जुन्या व्यवस्थेचे गोडवे गायचे नाहीत. बलुत्याच्या नावाखाली माणसांची किती पिळवणूक झाली, ते मराठी दलित साहित्याच्या कोणत्याही वाचकास सांगणे न लगे. फरक नोंदवायचा तो एवढाच की, त्या तपासणीला गाडी जवळून जाताना ऐकू येत असे. आणि ती येत असे ती भरलेली.

आता एक प्रसंग सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री आमचा द्वितीय वर्ष कला शाखेचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून घरी जात होता. तालुक्याला एका दुकानात तो संध्याकाळी काम करीत असे. वाटेत उसाने भरलेली ट्रॉली टायर फुटून रस्त्याच्या कडेला, म्हणजे खरे तर अर्ध्या रस्त्यावर, उभी होती. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपले असावेत. तो मागून ट्रॉलीत घुसला. जागच्या जागी गेला.

महिन्याभराने त्याचे वडील महाविद्यालयात आले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा होता. वकिलांनी कागदांच्या प्रती दिल्या होत्या, त्यांत घटनास्थळाचा पंचनामा होता. त्यांना वाचता येत होते, पण पंचनाम्याची मराठी वाचता येत नव्हती. ‘सर, तुमी मराठीचं. एवढं उलगडून सांगा,’ एवढेच ते म्हणाले.

पंचनामा हा मराठी गद्याचा एक जुना आणि दुर्लक्षित प्रकार आहे, असे आम्ही वर्गात हसत सांगत असू. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, किती फुटांवर काय पडले आहे, कोणत्या वस्तूचा रंग कोणता. एक विशेषण वाया जात नाही आणि एकही भावना येत नाही. त्या दिवशी आम्ही ते गद्य ओळीओळीने वाचून दाखवले. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचे वर्णन होते. चपलेचे होते. आणि ट्रॉलीच्या वर्णनात असे एक वाक्य होते की, तिच्या मागील फाळक्यावर लाल रंगाचे परावर्तक बसविलेले आहेत.

‘परावर्तक म्हंजी?’

‘रेडियम, मामा.’

‘रेडियम हुतं?’

‘हो, तसं लिहिलंय.’

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मग माज्या पोराला दिसलं का न्हाई?’

या प्रश्नाचे उत्तर कागदात होतेच, फक्त ते क्रियापदात होते. ‘बसविलेले आहेत’ असे तेथे लिहिले होते. ‘दिसत होते’ असे नव्हते. ट्रॉलीत ऊस लांबीच्या दिशेने रचतात. मोळ्यांचे शेंडे फाळक्याबाहेर तीन-तीन, चार-चार फूट येतात आणि स्वतःच्या भाराने खाली लोंबतात. फाळका त्यांच्यामागे झाकून जातो. त्यावरचे रेडियमही, मागचा दिवा असला तर तोही, नंबराची पाटीही. पंचनामा लिहिणाऱ्याने खोटे काही लिहिले नव्हते. त्याने दुसऱ्या दिवशी उजेडी, शेंडे बाजूला सारून पाहिले असावे, आणि असलेली वस्तू ‘आहे’ म्हणून लिहिली. विस्तवाने झाडे शिंपण्याचे वाक्य आम्ही इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते असे समोर येऊन बसलेले प्रथमच पाहिले.

आम्ही त्यांना हे समजावून सांगितले. त्यांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारले की, हे जे तुम्ही आता बोललात ते वकिलाला लिहून द्याल का. आम्ही दिले. दाव्याचा तपशील येथे देण्याचे कारण नाही.

त्यानंतरच्या हंगामापासून आम्ही रस्ता सुरक्षा मोहिमेतले एक कार्यकर्ते झालो. दर जानेवारीत परिवहन विभागाची माणसे साखर कारखान्यांच्या आवारात येतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी मदतीला मागवले जातात. रांगेत लावलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या पुसायच्या, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या चिकटवायच्या, यादीत खूण करायची. फोटो होतो. फोटोला आम्ही नाके मुरडणार नाही. फोटो नसता तर पट्ट्याही आल्या नसत्या.

त्या आवारात आम्हांला पहिल्यांदा उमगले की तपासणीला येणारी प्रत्येक गाडी रिकामी असते. असणारच. भरलेली गाडी थांबवणे कोणालाच परवडत नाही. ऊस तुटल्या क्षणापासून वाळू लागतो. वाळला की वजन घटते. गव्हाणीपुढच्या रांगेतला नंबर गेला तर रात्र जाते. तेव्हा गाडी तपासायची ती खाली झाल्यावर, परतीच्या वाटेवर, दिवसाउजेडी, सपाट आवारात. आणि ती रस्त्यावर धोकादायक असते ती मात्र भरलेली, रात्रीची, चढावर किंवा बंद पडलेली. परीक्षेचा विषय एक आणि जगण्याचा विषय दुसरा, हे आम्हां अध्यापकांना नवीन असायचे कारण नव्हते, तरी थोडे नवीन वाटले.

तपासणीला आलेल्या निरीक्षक बाई वयाने लहान, कामाला चोख होत्या. आम्ही शेंड्यांची गोष्ट काढली तेव्हा त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. ‘सर, आम्हांला ते माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण माझ्या फॉर्ममध्ये रकाना आहे परावर्तक आहेत की नाहीत असा. दिसतात का, असा रकाना नाही. आणि रात्री मी रस्त्यावर उभी राहिले तर मलाच कोणीतरी उडवेल.’ हे सांगताना त्या हसल्या. त्यांच्या कार्यालयाकडे तालुके किती आणि निरीक्षक किती, हेही त्यांनी सांगितले. ते आकडे त्यांचे आहेत, आम्ही येथे देत नाही. २०२१ साली केंद्राने यंत्राने तपासणी करणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे नियम केले. माणसाच्या मर्जीला आणि टेबलाखालच्या हाताला त्याने काही आळा बसला तर आनंदच आहे. पण यंत्रासमोरही गाडी जाणार ती रिकामीच.

बैलगाडीवर पट्टी चिकटवताना एक वेगळाच पेच आला. गाडीवान बीडकडचे होते, नवरा-बायको आणि दोन मुले. ऊसतोडीच्या हिशेबात त्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांचे एकवचन करणारी अशी संज्ञा मराठीत दुसरी आम्हांला आठवत नाही. यादीसाठी मालकाचे नाव विचारले.

‘गाडी आमची न्हाई सर, कारखान्याची हाये. बैलं आमची.’

‘मग रेडियम कोणी लावायचं, मामा?’

‘गाडीला कारखान्यानं. बैलाला आम्ही.’ आणि त्यांनी शिंगांकडे बोट दाखवले. शिंगांना लाल चिंध्या बांधलेल्या होत्या, त्यांत चमकीच्या कागदाचे तुकडे. ते त्यांचे त्यांनी केले होते. कोणत्याही यादीत ती नोंद झाली नाही, कारण बैल हे वाहन नव्हे.

शासनाची तपासणी मालक शोधते. तिला दंड करायला कोणीतरी हवा असतो. या गाडीत गाडी एकाची, बैल दुसऱ्याचे, ऊस तिसऱ्याचा, उचल दिलेला मुकादम चौथा, आणि रात्री दोन वाजता जुवाजवळ बसून पेंगणारा माणूस यांपैकी फक्त एक. मागून ट्रक आला तर मरणार तो.

प्रवासी गाड्यांची कथा याहून निराळी, पण तिच्यातही तोच दोष दिसतो. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र नवे करायचे. मुदत चुकली तर दिवसाला पन्नास रुपये जादा शुल्क, असा नियम डिसेंबर २०१६ मध्ये झाला. दिवसाला पन्नास म्हणजे वर्षाला अठरा हजार दोनशे पन्नास. न्यायालयीन स्थगितीमुळे काही काळ बाजूला राहिलेली ही आकारणी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा राज्यभर रिक्षाचालकांनी आंदोलने केली आणि त्याच वर्षी शासनाने ती थांबवली. आमच्या विद्यार्थिनींना आणणारी एक टमटम आहे. तिच्या चालकाने आम्हांला एकदा साधा हिशेब सांगितला. पासिंग चुकलेल्या पहिल्या महिन्यात तो दंड भरू शकला असता. सहाव्या महिन्यात नाही. वर्षाने गाडीच्या किमतीशी दंडाची तुलना करावी लागली, तेव्हा त्याने ठरवले की आता पासिंगला जायचेच नाही. चौक सोडून आतल्या पाणंदीने जायचे. म्हणजे जी गाडी सर्वांत जुनी, जिचे ब्रेक सर्वांत आधी पाहायला हवेत, तीच निरीक्षकाच्या नजरेतून कायमची गेली. आणि जाताना सोळा मुली घेऊन वाईट रस्त्याने गेली. दंडाने शिस्त येते हे आम्हांला मान्य आहे. पण रोज वाढणारा दंड माणसाला दारापासून दूर ढकलतो, एवढे तरी नियम करणाऱ्यांना सुचायला हवे होते.

आणि हीच गाडी कधी चालते? नोव्हेंबर २०२१ मध्ये एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात शासनाने अधिसूचना काढून खासगी बस, शाळेच्या बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. आदल्या दिवशी छोट्या हत्तीच्या हौद्यात माणसे बसवणे हा गुन्हा होता. दुसऱ्या दिवशी नव्हता. हौदा तोच होता, त्याला बाक आले नव्हते. आमच्या मुली त्या दिवसांत तशाच आल्या, परीक्षा दिल्या. संपकऱ्यांविषयी आमच्या मनात किंतु नाही आणि शासनाची अडचणही कळते. पण सुरक्षितता ही गाडीत असते की राजपत्रात, हा प्रश्न त्या काळात एका विद्यार्थिनीने वर्गात विचारला आणि त्यावर एक तास गेला. तो तास अभ्यासक्रमात नव्हता.

शेंड्यांवर उपाय निघाला तो साधा. फाळक्यावर पट्टी न लावता चमकणारे पट्टे शिवलेले लाल कापड घ्यायचे आणि भरलेल्या उसावर, शेंड्यांच्याही बाहेरून, सुतळीने बांधायचे. हे आम्ही शोधले नाही. अनेक कारखान्यांवर अशी कापडी रिफ्लेक्टरे वाटली जातात. आमच्या विद्यार्थ्यांनी फक्त शिवून घेण्याचे काम केले, गावातल्या शिंप्याकडून, आणि त्या मुलाच्या वडिलांनी पहिल्या खेपेचे कापड आणून दिले. किती मीटर, ते त्यांनी कोणाला सांगू दिले नाही.

कापडाची अडचण एकच. चिकटवलेली पट्टी हंगामभर राहते; कापड मात्र दर खेपेला बांधावे लागते आणि गव्हाणीपाशी, मोळ्या उचलण्यापूर्वी, आठवणीने सोडावे लागते, नाहीतर उसाबरोबर तेही चरकात जाते. यादीत याची खूण होऊ शकत नाही. निरीक्षक बाईंनी फॉर्मच्या शेऱ्याच्या जागी हाताने ‘कापड दिले’ असे लिहिले, आणि पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. बीडच्या त्या गाडीवानांकडे हे काम त्यांच्या थोरल्या मुलाकडे आहे. नऊ-दहा वर्षांचा असेल. रात्री गाडी गव्हाणीला लागली की तो झोपेतून उठतो, उसावर चढतो, गाठी सोडतो, आणि कापडाची गुंडाळी काखेत मारून पुन्हा गाडीखाली जाऊन झोपतो.